बरप्रभूंचे कागद नदीत सोडल्याबाबत

मी, पद्मधर हाटीबरुआ, वडिलांचे नाव कै. भोगेश्वर हाटीबरुआ, वय ५९ वर्षे, धंदा शेती व मोहरीच्या तेलाची घाणी, राहणार बकुलबारी सत्राजवळ, माजुली. आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून जबाब देतो तो असा.

मी वरील पत्त्यावर बायको व दोन मुलींसह राहतो. घाणी वडिलांपासूनची आहे. सत्र म्हणजे आमच्याकडचा वैष्णव मठ. बकुलबारी सत्राच्या व्यवस्थापन समितीचा मी नऊ वर्षे सचिव आहे. सत्राचे मुख्य म्हणजे सत्राधिकार प्रभू. त्यांच्या हाताखाली ब्रह्मचारी भकत राहतात. भकतांना ज्या कामांचा कंटाळा, म्हणजे विजेचे बिल, सरकारी अर्ज आणि भांडणे, ती कामे समितीकडे असतात. हे प्रकरण तिसऱ्या प्रकारचे असल्याने मला यावे लागले.

गुवाहाटीच्या लेखाश्रय संस्थेच्या डॉ. जुरी काकती यांनी दिलेली तक्रार मला दाखवण्यात आली. तीत म्हटले आहे की, सत्रातील भकत गुणाराम, वय ८१, यांनी बरप्रभूंचे मूळ कागद कोणाच्याही परवानगीविना पेटीतून काढून नदीत टाकले व नष्ट केले. कागद नदीत गेले हे खरे आहे. परवानगीविना गेले हे खोटे आहे. त्याबद्दल मला जी माहिती आहे ती सांगतो.

बरप्रभू म्हणजे श्री श्री अच्युतकांतदेव, आमचे थोरले सत्राधिकार. त्यांना जाऊन दीडशेच्या आसपास वर्षे झाली. त्यांचे खाजगी कागद, म्हणजे आलेली-गेलेली पत्रे, पदांचे कच्चे खर्डे, वैद्याच्या चिठ्ठ्या, अशी बारा गाठोडी लाल कापडात बांधून नामघराच्या, म्हणजे सत्राच्या प्रार्थनामंदिराच्या, गाभाऱ्यात एका लाकडी पेटीत असत. पेटीपुढे रोज दिवा लागे. उघडत मात्र कोणी नसे. मी कळत्या वयापासून त्या पेटीपुढे डोके टेकवत आलो. आत काय लिहिले आहे हे विचारायचे मला कधी सुचले नाही, आणि सुचले असते तर पाठीत धपाटा बसला असता.

पेटीची सेवा गुणाराम आतैंकडे होती. भकतांतल्या वडीलधाऱ्यांना आम्ही आतै म्हणतो. आईबापांनी त्यांना पाच वर्षांचे असताना सत्राला दिले, तेव्हापासून ते तिथेच आहेत. नदीने माझ्या हयातीत सत्राची जागा दोनदा गिळली. दोन्ही वेळा आधी नामघराचे खांब काढायचे की कोठीतले धान्य, यावर गावात वाद झाला. पेटीवर वाद झाला नाही, कारण वादाला तोंड फुटण्यापूर्वीच आतै ती डोक्यावर घेऊन निघालेले असत. दुसऱ्या वेळी ते छातीभर पाण्यात उभे होते. मी नाव घेऊन गेलो तर म्हणाले, "आधी पेटी घे. मग तुझी मोहरीची पोती नीट लाव. जागा उरली तर मला घे." पोत्यांचे बोलणे हा मला मारलेला टोमणा होता. नावेत माझी पोती होती.

त्या पुरानंतर आतै पावसाळ्यात आडवे होऊन झोपत नसत. पेटीला पाठ टेकून बसत. पाणी आले तर आधी आपली चटई भिजेल आणि जाग येईल, असा त्यांचा हिशेब होता. मी पुष्कळदा समजावले. ते म्हणत, "तू तेल काढ. मी पेटी बघतो."

दोन हिवाळ्यांपूर्वी डॉ. काकती सत्रात आल्या. कागदांचे फोटो काढून ते वेबसाइटवर ठेवायचे, म्हणजे जगातल्या कोणालाही फुकट वाचता येतील, असे त्यांचे काम होते. सत्राधिकार प्रभू वयाने तरुण आहेत, त्यांनी लगेच होकार दिला. आतैंचा होकार मिळायला वेळ लागला. ते बोलणे माझ्यासमोर झाले.

आतै म्हणाले, "पोरी, प्रभूंना उघडायचं म्हणतेस. मी कधी गाठ सोडलेली नाही."

"आतै, नदी तिसऱ्यांदा आली तर?"

"तर मी आहे."

"आणि तुम्ही नसलात तर?"

यावर आतैंनी पानाला चुना लावला. पान न खाताच खाली ठेवून त्यांनी विचारले, "म्हणजे नक्कल करणार?"

"हो. नक्कलच."

"मग असं आधी सांगायचं. नक्कल करणं पुण्याचं काम. पूर्वी आमच्याकडे पोथ्या उतरवणारे होते, एकेक पोथीला वर्ष घालवायचे. तुझं यंत्र किती घेईल?"

डॉ. काकतींनी सांगितले, दीड ते दोन वर्षे. आतैंना ते पटले. चार दिवसांत करते म्हणाल्या असत्या तर त्यांनी पेटीला हात लावू दिला नसता, असे माझे मत आहे.

आतैंच्या अटी होत्या. काम करणाऱ्यांनी आंघोळ करून यावे, पायात काही घालू नये, काम चालेल तोवर मांसमासळी वर्ज्य. कॅमेऱ्यालाही त्यांनी नवा गामोसा, म्हणजे आमचा मानाचा पंचा, बांधला. गुवाहाटीहून दोन तंत्रज्ञ आले होते, त्यांना मासळीवाचून घास उतरत नसे, म्हणून ते संध्याकाळी माझ्याकडे जेवत. आतैंपासून हे लपले नाही. सकाळी ते त्यांना विचारत, "काल पद्मधरकडे काय होतं रे?"

"वांगी, आतै."

"काटे जपून काढलेत ना वांग्याचे?"

एवढेच म्हणत आणि हात पुन्हा धुवायला लावत. कामात कोणी अडथळा आणला नाही. आतै रोज गाठोडे स्वतः सोडत, कागद संपले की स्वतः बांधत. अक्षरे त्यांना लावता येत नाहीत. ते कागदाच्या कडा बघत.

पहिल्या पावसाळ्यानंतर थोडेथोडे कागद वेबसाइटवर दिसू लागले. तेव्हापासून फेरीघाटावरच्या चहाच्या दुकानात दुसरा विषय राहिला नाही. बरप्रभू आम्हाला फुलांच्या माळेतल्या तसबिरीतले माहीत होते. कागदांत निघाले ते फणस कोणी चोरला यावरून भकतांना झापणारे, सत्राच्या हत्तीने शेजाऱ्याच्या केळी खाल्ल्या म्हणून माफी मागणारे, आणि दाढदुखीने बेजार झालेले. वैद्याला एका चिठ्ठीत त्यांनी लिहिले आहे, "तुझ्या औषधाने जीभ पोळली, दाढ जागच्या जागी आहे. आता येताना औषध आणू नकोस, हिंमत आण." हे पत्र दुकानात रोज कोणीतरी मोठ्याने वाचे.

आतैंनी मला बोलावून घेतले. रागात होते. "घाटावर प्रभूंना हसतात म्हणे?"

मी म्हणालो, "हसत नाहीत आतै. दाढेचं पत्र वाचतात."

"वाच."

मी मोबाइलवरून वाचले. आतैंचा हात त्यांच्या स्वतःच्या गालावर होता. त्यांची डावी दाढ चार वर्षे दुखत होती आणि जोरहाटला दाताच्या डॉक्टरकडे चला म्हटले की ते आम्हाला हाकलून देत. ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचले. त्यांनी पेटीकडे पाहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं वाटायचं, पेटीत वचन आहे. आत माणूस होता रे." त्याच आठवड्यात ते फेरीने जोरहाटला जाऊन दाढ काढून आले. तेव्हापासून घाटावर कोणी पत्र वाचत असले की आतै थांबून ऐकत. हसतही असत. मी त्यांना इतका मोकळा हसताना पूर्वी पाहिलेला नव्हता.

गेल्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सत्राच्या पटांगणात मांडव घालून कार्यक्रम झाला. संस्थेचे गुवाहाटीचे वरिष्ठ आले होते. मागे मोठा फलक होता, त्यावर बरप्रभूंचे संपूर्ण कागद लोकार्पण, असे लिहिलेले होते. सत्राधिकार प्रभूंनी बटण दाबले. भाषणे संपली आणि आतै उठून मंचासमोर गेले. कार्यपत्रिकेत ते नव्हते. मी मंचाच्या पायरीपाशी उभा होतो, त्यामुळे मला सर्व ऐकू आले.

आतैंनी विचारले, "पोरी, नक्कल पूर्ण झाली?"

डॉ. काकती हसून म्हणाल्या, "झाली, आतै."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"प्रभूंच्या समोर सांगतेस, नक्कल पूर्ण?"

त्यांनी हात जोडले. "पूर्ण, आतै."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तिसऱ्या उत्तराच्या आधी डॉ. काकती किंचित थांबल्या, असे मला आज वाटते. त्या दिवशी वाटले नव्हते, म्हणून ते जबाबात धरू नये.

हे तीनदा विचारणे कशासाठी, असे साहेबांनी विचारले. आमच्या सत्राची जुनी रीत अशी आहे की, पोथीची नक्कल झाली म्हणजे सभेत उतरवणाऱ्याला तीनदा विचारायचे. त्याने तीनदा पूर्ण म्हटले की जुनी पोथी नामगजर करून नदीला द्यायची. एक वचन दोन घरांत ठेवू नये, जुन्या घरातून त्याला सन्मानाने मोकळे करावे, असे म्हणतात. शेवटची पोथी अशी सोडली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. पुढे हाताने पोथ्या उतरवणारे राहिले नाहीत आणि रीतही झोपली. समितीतल्या बहुतेकांना ती ऐकूनही माहीत नाही. डॉ. काकतींना माहीत असण्याचे कारणच नाही. त्यांना तो म्हाताऱ्या माणसाचा आशीर्वाद वाटला असणार.

आतैंनी परवानगी घेतली होती. बरप्रभूंच्या तिथीला कागदांना रीतीप्रमाणे निरोप द्यायचा आहे, असे त्यांनी सत्राधिकार प्रभूंना माझ्यादेखत सांगितले. प्रभू म्हणाले, "रीतीप्रमाणे आहे ना? मग करा." प्रभूंचे शिक्षण शिलाँगला झाले आहे. निरोप म्हणजे आरतीसारखे काहीतरी, असे त्यांना वाटले. मला तसे वाटले नाही. मला काय होणार हे माहीत होते.

तिथीच्या दिवशी सकाळपासून नामघरात नाम चालू होते. खोल म्हणजे आमचे मृदंग आणि ताल वाजत होते, साऱ्या गावाला भिजवलेल्या मुगाचा, आल्या-खोबऱ्याचा प्रसाद होता. डॉ. काकतींना मीच फोन करून बोलावले होते. त्या आल्या, प्रसाद घेतला, बायकांत बसून नाम म्हटले. पेटी बकुळीच्या फुलांनी सजवली होती. आतैंनी त्यांच्या हातात गामोसा दिला आणि पेटीला बांधायला सांगितले. हा मान उतरवणाऱ्याचा असतो. त्यांनी बांधला, डोके टेकवले, आणि मला म्हणाल्या, "किती प्रेमाने करतात हो हे लोक. आमच्या वरिष्ठांना दाखवायला फोटो काढू का?" फोटो काढले. ते त्यांच्या मोबाइलमध्ये असतील. मग शेवटची फेरी चुकेल म्हणून त्या घाटावर गेल्या.

त्या गेल्यावर लक्ष्य पेगु याच्या नावेतून आम्ही पेटी धारेपर्यंत नेली. नावेत आतै, आणखी दोन भकत, लक्ष्य पेगु आणि मी होतो. वाळूच्या बेटाजवळ आतै कमरेइतक्या पाण्यात उतरले. एकेक गाठोडे कपाळाला लावून त्यांनी पाण्यात सोडले. शेवटचे पेटीवरच्या गामोशात गुंडाळून सोडताना म्हणाले, "जा बापा. आता तुला माझ्या डोक्यावर बसावं लागणार नाही." मला रडू आले. मी अडवले नाही. नक्कल पूर्ण आहे असे मला वाटत होते, आणि त्या माणसाने त्या पेटीखाली काढलेले आयुष्य मी पाहिले होते. नावेची दोरी माझ्या हातात होती. हा गुन्हा ठरत असेल तर माझे नावही लिहून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी बिहूच्या आधीचे वादळ झाले. आमच्या घाणीचे दोन पत्रे उडाले. सकाळी मी सत्रात गेलो तेव्हा भकत हसत होते. आतै स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या चटईवर, आडवे होऊन घोरत पडले होते आणि पहाटेच्या नामाला उठले नव्हते. त्यांना कोणी उठवले नाही.

यापुढचा मजकूर मी हळू आवाजात सांगितला. साहेबांनी मला दोनदा मोठ्याने बोलायला सांगितले. मी तसे केले नाही.

तिथीनंतर आठवड्याने डॉ. काकतींचा फोन आला. मी घाणीवर होतो. त्या म्हणाल्या, "पद्मधरदा, पुढच्या महिन्यात दोघांना पुन्हा पाठवते. दहावं आणि अकरावं गाठोडं तेवढं राहिलंय. आतैंनी ती सोडली होती, पण ओलीने कागद एकमेकांना चिकटलेत म्हणून आम्ही तशीच परत बांधायला दिली; ते सोडवणारा माणूस आता मिळालाय."

मी विचारले, "राहिलंय म्हणजे काय राहिलंय?"

"फोटो राहिलेत."

"बाइदेउ, तुम्ही पूर्ण म्हणालात."

"अहो, मार्चअखेर होती. वर्षाचा अहवाल जायचा होता. दोन गाठोडी म्हणजे मोठंसं काय, महिन्याभरात होतील, असं वाटलं."

मी त्यांना सांगितले की, ती नदीत आहेत.

मग त्यांनी विचारले, "दोन्ही?" मी म्हणालो, "बाराच्या बारा. तुम्ही बांधलेला गामोसाही." त्यांनी विचारले, "दोन राहिली होती, हे आतैंना माहीत आहे?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "सांगू नका. कधीच सांगू नका." आणि रडू लागल्या. सांगू नका हे त्या आधी म्हणाल्या आणि रडल्या नंतर, हे मी मुद्दाम लिहून देतो. बाई वाईट नाहीत.

तक्रार देण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पुन्हा फोन केला. वरिष्ठ ऐकत नाहीत, मूळ कागदांचे काय झाले याचे उत्तर संस्थेला द्यावे लागेल, असे त्या म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, "तक्रारीत त्या दोन गाठोड्यांचं मी काही लिहिलेलं नाही."

मी विचारले, "ते कुणासाठी नाही लिहिलंत? आतैंसाठी की अहवालासाठी?"

त्यांनी फोन ठेवला. मला त्यांचा राग आला आणि अजून आहे. मार्चअखेर सगळ्यांना असते, माझ्या घाणीलाही असते. पण मार्चअखेर आली म्हणून मी पेंड तेलाच्या भावाने विकत नाही.

याला पुरावा काय, असे साहेबांनी विचारले. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही. वेबसाइट उघडावी. नववे गाठोडे संपले की थेट बारावे सुरू होते. साहेबांनी माझ्यासमोर स्वतःच्या मोबाइलवर पाहिले आणि खात्री केली. त्या दोन गाठोड्यांत काय होते हे आता कोणालाही कधी कळणार नाही. बाराव्यात प्रभू आजारी आहेत आणि अक्षर हललेले आहे. नवव्यात ते ठणठणीत आहेत आणि फणसावरून भांडत आहेत. मधली वर्षे गेली.

तेव्हा माझे म्हणणे असे की, गुणाराम आतैंनी चोरी केलेली नाही व जाणूनबुजून नुकसानही केलेले नाही. त्यांनी सभेत तीनदा विचारले, त्यांना तीनदा पूर्ण म्हणून सांगण्यात आले, ते सांगणे खरे नव्हते, आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवून आपली रीत पाळली. त्यांच्यावर गुन्हा दाखल करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. हे शब्द माझे आहेत, साहेबांनी ते तसेच लिहून घ्यावेत.

हळू बोलण्याचे कारण साहेबांनी विचारले म्हणून सांगतो. आतैंना आज सकाळपासून ठाण्यात आणून बसवले आहे. ते या टेबलापासून दोन हातांवर बाकावर आहेत. डाव्या कानाने त्यांना चांगले ऐकू येते आणि डावा कान इकडे आहे. आतल्या खोलीत जबाब घ्या, अशी मी विनंती केली, पण ती खोली जप्त केलेल्या दारूच्या पिंपांनी भरलेली आहे. त्यांना चहाला बाहेर पाठवा म्हटले, तर ते बाहेरचे पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि त्यांना नजरेआड करता येणार नाही असे जमादार म्हणाले.

पोथी उतरवली नसताना नदीला देणे, याला आमच्या सत्रात प्रायश्चित्त नाही. माणूस मारल्याला आहे. आतै आज सकाळी जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "पद्मधर, तू उगाच धावपळ करू नकोस. नेतील तिथे जाईन. पेटी रिकामी आहे, मागे कुणाची काळजी नाही. प्रभू आता सगळ्यांच्या खिशात आहेत, आणि खिशाला काय नदी लागते?" त्यांना दोन गाठोड्यांचे कळले तर ते अन्न सोडतील. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पण मी त्यांना ओळखतो. त्यांना तुरुंगातून सोडवील असे एकच सत्य माझ्याजवळ आहे, आणि ते त्यांना जगू देणार नाही.

म्हणून माझी विनंती होती की, माझ्या जबाबाची नक्कल आतैंना देऊ नये. साहेब म्हणाले, आरोपीला जबाबांच्या नकला कायद्याने द्याव्याच लागतात. मी म्हणालो, मग त्यांना आरोपी करू नका. साहेबांनी पेन खाली ठेवले व काही वेळ ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले. परत येऊन त्यांनी पुढचा मजकूर लिहून घेतला. त्यांनी मला कोणतेही वचन दिलेले नाही.

मजकूर संपल्यावर जमादार तो मला मोठ्याने वाचून दाखवू लागले. मी त्यांचा हात धरून त्यांना थांबवले, त्याबद्दल त्यांची माफी मागितली आहे. मी कागद हातात घेऊन सर्व मजकूर मनात वाचला. मी वाचत असताना आतैंनी बाकावरून विचारले, "एवढं काय लिहिलंस रे पद्मधर?" मी मोठ्याने सांगितले, "नक्कल पूर्ण झाली होती असं लिहिलंय, आतै." ते म्हणाले, "बरं केलंस." या ठाण्यात मी मोठ्याने बोललो ते एवढेच वाक्य खोटे आहे. मनात वाचलेला बाकीचा मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे, म्हणून खाली सही करतो.